नागपुरात एवढे खून का होतात? वीस रुपयांच्या खर्र्यापासून सुरू झालेला प्रश्न

रेशीमबाग_मास्तरीण (धागाकर्ती)

परवा जेवायला आलेल्या एका पाहुण्यांनी सहज विचारलं, "तुमच्या नागपुरात खून फार होतात म्हणे?" मी भात वाढत होते. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आकडे आठवण्याआधी एक मुलगा आठवला.

आठवी ते दहावी माझ्याकडे शिकवणीला यायचा. बीजगणितात बरा, भूमितीत कच्चा. कंपासपेटी कायम घरी विसरायचा आणि माझी घेऊन जायचा. दहावीनंतर आयटीआय, मग एका गॅरेजमध्ये काम. बाविसाव्या वर्षी गेला. पानठेल्यावर खर्रा घोटून घेत उभा होता. ज्यांनी नागपूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून ठेलेवाला ती पन्नी दोन-तीन मिनिटं घासून घासून घोटतो, तेव्हा कुठे तो खर्रा तयार होतो. तेवढ्या वेळात मागच्या उधारीवरून शब्दाला शब्द लागला. वीस रुपये कोणी द्यायचे, एवढाच वाद. मारणारा दोन गल्ल्या सोडून राहणारा, ओळखीचा, वर्षभराने मोठा. खर्रा घोटून व्हायच्या आत माझा विद्यार्थी खाली पडलेला होता.

त्याला आता काही वर्षं झाली. पण दर वेळी नवा खून झाला की मी तीच कारणं ऐकते. अमुक वस्तीच तशी. गरिबी. दारू. बाहेरून आलेले लोक. ऊन. टोळ्या. यातलं कुठलंही कारण मी त्या ठेल्यासमोर ठेवून पाहते तेव्हा ते पूर्ण बसत नाही. तो मुलगा कुठल्या टोळीत नव्हता. मारणाराही नव्हता.

म्हणून मी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा अहवाल उघडला. देशात वर्षभरात २८,५२२ खून. त्यात 'वाद' या कारणाखाली ९,९६२, वैयक्तिक वैरातून ३,७६१ आणि पैशाच्या वा मालमत्तेच्या लाभासाठी १,८८४. म्हणजे लुटीसाठी, फायद्यासाठी खून करणाऱ्यांपेक्षा भांडणातून खून करणारे पाचपट. हे फक्त नागपूरचं नाही हे समजलं. पण मग नागपुरात जास्त का? जाणकारांनी लिहावं. वस्त्यांची नावं घेऊन शिक्के मारू नयेत, एवढी विनंती.

शून्यमैल

ताई, वाचून गलबललं.

आकड्यांबद्दल मी थोडं सांगू शकतो, कारण 'नागपूर खुनांची राजधानी' हे वाक्य ज्या तक्त्यावरून येतं तो तक्ता नीट वाचला जात नाही. गुन्हे नोंद विभागाच्याच अहवालातला, वीस लाखांवर वस्ती असलेल्या १९ महानगरांचा तो तक्ता. लाख लोकसंख्येमागे खून किती, हा त्यातला दर. भागाकारात वर पोलिसांनी नोंदवलेले खून असतात आणि खाली २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या. ही लोकसंख्या महापालिकेची नसते, अख्ख्या नागरी समूहाची असते. मुंबईपुढे १८४ लाख हा आकडा असतो, त्यात ठाणे, कल्याण, नवी मुंबई सगळं आलं. खून मात्र मुंबई पोलिसांच्या हद्दीतलेच. बृहन्मुंबईची लोकसंख्या तेव्हा १२४ लाख होती. म्हणजे मुंबईचा दर नुसत्या भागाकारानेच एक तृतीयांशाने उतरतो. कोलकात्यापुढे १४१ लाख असतात, महापालिकेत होते ४५ लाख. नागपूरचा समूह २५ लाख आणि महापालिका २४ लाख. ही सवलत आपल्याला नाही.

अमेरिकेत सेंट लुईसचं असंच होतं. २०२० मध्ये तिथे लाखामागे ८७ खून झाले आणि ते देशातल्या मोठ्या शहरांत सर्वांत वर आलं. पण ते शहर १८७६ मध्ये आपल्या काउंटीपासून वेगळं झालं आणि हद्द तिथेच गोठली. सुखवस्तू उपनगरं हद्दीबाहेर राहिली. हद्द वेगळी आखली असती तर शहराचं नाव एवढं बद्दू झालं नसतं. अर्थात त्यामुळे मेलेली माणसं कमी होत नाहीत.

दूरदेशी_विदर्भी

म्हणजे नागपूर ठीकच आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?

शून्यमैल

नाही, अजिबात नाही. समजा वर्षाला ८० खून. २५ लाखांनी भागले तर लाखामागे ३.२. आता शहर वाढलंय म्हणून ३० लाख धरा, तरी २.७ होतात. देशाचा २०२२ चा दर २.१ आहे. त्यामुळे भागाकार दुरुस्त केला तरी आपण वरच राहतो. क्रमांक फसवा आहे, पण प्रश्न खरा आहे.

दुसरं म्हणजे चढउतार. एवढ्या छोट्या संख्येत एका वर्षी ऐंशी आणि पुढच्या वर्षी सत्तर झाले तर तो नुसता योगायोगही असू शकतो. फेब्रुवारी २०२२ आठवत असेल, शहरात महिनाभर एकही खून झाला नव्हता. मी तेव्हा कागदावर मांडून पाहिलं. महिन्याला सरासरी साडेपाच खून होत असतील, तर निव्वळ योगायोगाने शून्याचा महिना २४५ महिन्यांतून एकदा, म्हणजे साधारण वीस वर्षांतून एकदा यायला हवा. त्यामुळे त्या महिन्याचं श्रेय पोलिसांना द्यावंसं वाटतं, पण एका महिन्यावरून शपथेवर काही सांगता येणार नाही. त्याच कारणाने एखाद्या वाईट महिन्यावरून शहर बुडालं असंही म्हणू नये.

पंचनामा

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. शहरातल्या पाच ठाण्यांत काम केलं, पूर्वेकडच्या आणि उत्तरेकडच्या. मास्तरीणबाई म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. टोळीचा खून पेपरात आठ दिवस चालतो, म्हणून लोकांना वाटतं सगळे टोळीचेच. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रकरणांत मारणारा आणि मरणारा एकमेकांना नावाने हाक मारणारे असत. कित्येकदा सकाळी एकाच गाडीवर फिरलेले.

एक शब्द इथे बाहेरच्यांना माहीत नसेल. आमच्याकडे खुनाच्या प्रयत्नाला 'हाफ मर्डर' म्हणतात. जुनं कलम ३०७, आता भारतीय न्याय संहितेत १०९. पोरं हा शब्द मोठेपणाने वापरतात, "त्याच्यावर दोन हाफ मर्डर आहेत." ही पदवी असते वस्तीत. पूर्ण खून करायची बहुतेकांची इच्छाच नसते. हाफच करायचा असतो, नाव व्हावं म्हणून.

आता हत्यार. देशी कट्टे मध्य प्रदेशातून येतात, पण मी पाहिलेली बहुतेक कामं चाकूची. शस्त्र कायद्याखाली नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू बंदीत येतो, आणि घरकामाचा वा शेतीचा असेल तर तोही सुटतो. आठ इंची चाकू खिशात घेऊन फिरणाऱ्या पोराला अडवलं तर काय कलम लावायचं, यावर ठाण्यात रोज डोकं खपवावं लागे. आयुक्तांचा मनाईहुकूम चालू असला तर निदान ती कारवाई होई. पोराला विचारलं, चाकू कशाला? उत्तर ठरलेलं: "साहेब, त्याच्याकडे पण आहे."

आणि एक कबुली देतो, कारण ती दिल्याशिवाय हे लिहिणं प्रामाणिक होणार नाही. खुनाच्या आधी बहुतेक वेळा एक कागद ठाण्यात आलेला असतो. एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. शिवीगाळ, धक्काबुक्की, धमकी. तक्रारदाराला पोच देऊन घरी पाठवायचं, की त्याच संध्याकाळी दोघांना बोलावून चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, करायची, दोघांकडून जामीन लिहून घ्यायचा, हे ड्युटीवरच्या माणसावर असतं. मी स्वतः एका एन.सी.वर फक्त पोच दिली होती. अकरा दिवसांनी त्याच तक्रारदाराचा इन्क्वेस्ट, म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, मी लिहिला. दोन्ही कागदांवरची सही ओळखीची वाटली, एन.सी.वर त्याच्या हातची आणि इन्क्वेस्टवर ओळख पटवणाऱ्या त्याच्या भावाची, तसंच वळण.

पोट्टा_उत्तरेचा

काका, तुम्ही लिहिलं हे लय मोठं केलं. आमच्या इकडे ठाण्यात जायचं म्हटलं तर लोकायले वाटते, जाऊन काय होते? पोच भेटते. अन् ज्याच्याविरुद्ध गेलो त्याले संध्याकाळी समजते. मग तो घरासमोर येऊन उभा रायते. मग पोट्टं म्हनते, आपलं आपणच पाहून घेऊ. चाकू असा येते खिशात.

कस्तुरबा नगरचं कोणी बोलत नाई. १३ ऑगस्ट २००४ ले जिल्हा कोर्टात अक्कू यादवले बायायनं मारलं. वर्षानुवर्षं त्यानं त्या वस्तीवर बलात्कार, मारहाण, वसुली केली, लोकं तक्रारी देत रायले. मी तवा लहान होतो. आमच्या घरी आजीनं त्या दिवशी चूल नाई पेटवली, नुसती बसून होती. मारणं बरोबर होतं का चूक, मी नाई सांगत. पण कायदा आपल्या कामाचा नाई हे एकदा वस्तीले पटलं का त्या वस्तीत काय काय होते, ते नागपूरनं पायलं.

दूरदेशी_विदर्भी

आधीच्या प्रश्नाचा सूर चुकला असेल तर क्षमस्व. वरचे दोन प्रतिसाद वाचून लिहायचं धैर्य केलं.

गरिबी आणि बेकारीचं काय? एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली, २००२ ला कायमची बंद पडली. माझे आजोबा तिथे जॉबर, म्हणजे मुकादम, होते. गिरणीचा भोंगा झाला की अख्खा मोहल्ला घड्याळाला लागायचा असं आई सांगते. ते गेल्यावर पुढच्या पिढीतल्या मुलांच्या दिवसाला आकारच राहिला नाही, माझ्या दोन मामेभावांसकट.

शून्यमैल

गरिबी हे उत्तर असतं तर कोलकात्याचा दर नागपूरच्या वर असायला हवा होता. भागाकार दुरुस्त करूनही तो बराच खाली आहे. देशाचंच पाहा. १९९२ मध्ये खुनाचा दर लाखामागे ४.६ होता, तो २०२२ मध्ये २.१ होता. या तीस वर्षांत शहरं फुगली, विषमता वाढली, तरी खुनाचा दर निम्म्याहून खाली आला. ऊन म्हणावं तर चेन्नईही तापते. पण तुमच्या मामेभावांचा मुद्दा वेगळा आहे आणि मला तो पटतो. रिकामा वेळ आणि ठेल्यावरची गर्दी. पैसा कमी असणं आणि दिवसभर एकाच चौकात एकाच दहा जणांसमोर उभं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दहा जणांसमोर कोणी आईवरून शिवी दिली, तर माघार घेणं फार महाग पडतं.

फिलाडेल्फियात मार्विन वुल्फगँग या अभ्यासकाने १९४८ ते १९५२ या काळातले ५८८ खून एकेक करून तपासले होते. एक तृतीयांशाहून जास्त प्रकरणांत कारण होतं अगदी क्षुल्लक: अपमान, शिवी, धक्का. आणि साधारण चौथ्या हिश्शात पहिला वार मेलेल्यानेच केला होता. म्हणजे कोण मारणारा आणि कोण मरणारा, हे शेवटच्या अर्ध्या मिनिटात ठरलं.

कॅज्युअल्टी_२४

मी सर्जन आहे. रेसिडेन्सीची तीन वर्षं नागपुरात काढली, आता दुसऱ्या जिल्ह्यात असते. 'हाफ मर्डर' या शब्दावर मला लिहायलाच हवं.

मुलं मांडीवर किंवा कुल्ल्यावर मारतात. त्यांच्या डोक्यात असतं की पोटात, छातीत मारलं तर मरेल, मांडीत मारलं तर चालताना लंगडेल आणि लक्षात ठेवेल. मांडीच्या आतल्या बाजूने फीमोरल धमनी जाते. ती कापली गेली आणि कोणी दाबून धरली नाही, तर माणूस काही मिनिटांत जातो. एका रात्री अडीच वाजता चार मित्र एकाला दुचाकीवर मध्ये बसवून घेऊन आले होते. जखम दोन इंचांची असेल. पण वाटेत कोणी ती दाबली नव्हती. एकाने स्वतःचा शर्ट काढून त्याच्या डोक्याला बांधला होता, कारण डोक्याला खरचटलेलं दिसत होतं. पँट काळी होती, रक्त दिसलंच नाही त्यांना. मी कात्रीने पँट कापली तेव्हा तो गेलेला होता. ज्याने शर्ट दिला तो उघडाच बाकावर बसून विचारत होता, "मॅडम, मांडीतच लागलं ना?"

पोलिसांच्या वहीत हाफ आणि फुल यांच्यात कायद्याचं अंतर आहे. आमच्या टेबलावर ते अंतर एक-दोन सेंटिमीटरचं आणि दहा मिनिटांचं असतं. शहराचा खुनाचा दर मोजताना हे लक्षात घ्या. अमेरिकेत आपत्कालीन उपचार सुधारले तसे जीवघेण्या हल्ल्यांतून वाचणारे वाढले, असे अभ्यास झाले आहेत. म्हणून खून कमी झाले याचा अर्थ मारामाऱ्या कमी झाल्या असा होत नाही. हाफ मर्डरचे आकडेही सोबत पाहिले पाहिजेत.

आणि कृपा करून हे प्रत्येकाने आपल्या घरातल्या मुलांना सांगा: रक्त वाहत असेल तिथे कापड ठेवून दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून दाबायचं, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत हात काढायचा नाही. उचलून बघायचंही नाही.

काळा_कोट

वकील म्हणून थोडंसंच. "मारायचं नव्हतं, मांडीतच मारला होता" हे प्रत्येक आरोपी सांगतो. विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९५८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की जी जखम केली ती करायचा हेतू होता आणि ती निसर्गक्रमाने मृत्यू आणायला पुरेशी होती, एवढं सिद्ध झालं की खून. तिथेही वार एकच होता, भाल्याचा. अचानक उद्भवलेल्या भांडणाचा अपवाद आहे, त्यात सदोष मनुष्यवध होतो, शिक्षा कमी होऊ शकते. पण त्यासाठी गैरफायदा घेतलेला नसावा आणि क्रूरपणा नसावा. समोरचा निःशस्त्र आणि तुमच्या खिशात आधीपासून चाकू, तर हा अपवाद मिळवणं कठीण जातं. विशीतल्या मुलाला हे कळतं तेव्हा तो कोठडीत असतो आणि आई माझ्या टेबलासमोर मंगळसूत्राची किंमत विचारत असते.

दूरदेशी_विदर्भी

चाकूवरून आठवलं, म्हणून माझ्या अनुभवाचं लिहितो. मी ग्लासगोत सात वर्षं राहिलो. एके काळी तिथेही हेच होतं. चाकू, शनिवारची रात्र, वीस-बावीसची मुलं, आणि आजोबांच्या काळापासून चालत आलेलं गल्लीचं वैर. २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनी हिंसा कमी करण्यासाठी एक वेगळं पथक काढलं आणि ठरवलं की याकडे साथीच्या रोगासारखं बघायचं. कुठून कुठे पसरतंय, पुढचा कोण. चाकूची शिक्षा कडक केली, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. २००८ मध्ये त्यांनी टोळ्यांतल्या मुलांना कोर्टात बोलावून घेतलं, अटक न करता. तिथे पोलीस बोलले, सर्जन बोलले, मुलगा गमावलेली एक आई बोलली. शेवटी एक फोन नंबर दिला: सोडायचं असेल तर इथे लाव, काम मिळेल, राहायला मिळेल. त्याच वर्षी काही सर्जननी मिळून शाळाशाळांत जाऊन जखमांबद्दल बोलायला सुरुवात केली. पुढच्या दहा-बारा वर्षांत स्कॉटलंडमधले खून निम्म्याच्या आसपास आले. सगळं श्रेय त्या पथकाचं नसेल, दारू पिणंही त्या काळात कमी झालं. पण मी ज्या सहकाऱ्यांबरोबर काम केलं त्यांच्या गालावर चट्टे होते, आणि त्यांच्या मुलांच्या नव्हते.

कॅज्युअल्टी ताईंसारखी माणसं आपल्या शाळांत गेली तर?

पंचनामा

तडीपारीबद्दल कोणी विचारलं नाही तरी लिहितो. महाराष्ट्र पोलीस कायद्याची कलमं ५५, ५६, ५७. दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर घालवता येतं. एमपीडीएखाली, म्हणजे गुंडांना स्थानबद्ध करायच्या राज्याच्या कायद्याखाली, वर्षभर आतही ठेवता येतं. मुरलेल्या गुंडासाठी हे लागतंच, मी स्वतः प्रस्ताव केलेत. पण मास्तरीणबाईंच्या विद्यार्थ्याला मारणाऱ्या पोराचं नाव कुठल्याच यादीत नसणार. त्याच्यावर आधी एकही केस नसेल. यादीतल्यांवर नजर ठेवून यादीबाहेरचा खून कसा थांबवायचा, याचं उत्तर खात्यात मला कोणी शिकवलं नाही. एन.सी.चा कागद हाच एक धागा हाताशी असतो. आज ठाण्यात असतो तर रोज रात्री त्या दिवसाच्या एन.सी. पुन्हा वाचल्या असत्या. कोणी कोणाला दुसऱ्यांदा धमकी दिलीय, एवढंच पाहायला.

पोट्टा_उत्तरेचा

काका, हे एवढं कोणी केलं तरी लोकं ठाण्यात जातील.

रेशीमबाग_मास्तरीण

सगळ्यांचं सावकाश दोनदा वाचलं. कॅज्युअल्टी, तुमचं वाचून मी काल दहावीच्या शिकवणीत पंधरा मिनिटं प्रमेय बाजूला ठेवलं आणि मुलांना एकमेकांच्या मांडीवर टॉवेल दाबून दाखवायला लावलं. आधी हसली. मग मी त्यांना कंपासपेटीचं सांगितलं. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "दाबून धरलं असतं तर वाचला असता का?" मला माहीत नाही, त्याला छातीत लागलं होतं बहुतेक. मी तसंच सांगितलं.

आज संध्याकाळी भाजी घेऊन येताना त्या ठेल्यापाशी थांबले. इतकी वर्षं मी त्या चौकातून वळून जात होते, थांबले नव्हते. ठेलेवाला तोच आहे, केस पांढरे झालेत. मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, बाजूच्या ठेल्यांवर 'उधारी बंद' अशा पाट्या आहेत, मी लावली नाही. पाटी असली की पोरं पाटीवरूनच भांडतात. म्हटलं, मग करता काय? तर त्याने गल्ल्याखालची वही काढून दाखवली. नावं, तारखा, दहा, वीस, चाळीस. बऱ्याच ओळींवर आडवी रेघ मारलेली होती.

"दोघं एकमेकांकडे बोट दाखवायला लागले की मी मारतो रेघ," म्हणाला. "मग मागायला कोणी उरत नाही."

महिन्याला किती जातात, मी विचारलं. पाच-सहाशे, म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाची पन्नी घोटायला घेतली.